तिघांत एक कॅमेरा

शनि., ३ जाने.
तांबोळी सरांचं आज पुन्हा तेच. "मॅडम, मोठा सेन्सर घ्या. सावल्या बघा, रंग बघा." सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यांना सावलीपलीकडे काही दिसत नाही. बबनला त्याच्या लिंबाच्या बागेतले बुलबुल टिपायचेत. मला घुबड. तिघांत मिळून एक कॅमेरा घ्यायचा हे दिवाळीत ठरलं, कोणता यावर अजून खल चालू.
मी स्पष्ट सांगितलं. मोठ्या सेन्सरला लांबची लेन्स वेगळी, ती आपल्या वर्गणीत बसत नाही. बसली तरी ते धूड घेऊन बांधावर कोण बसणार? त्यापेक्षा एकच लेन्स, भरपूर झूम, काढ-घाल नाही, म्हणजे धूळ आत जायला वाट नाही. श्रीगोंद्यात राहून धुळीचा विचार करायचा नाही म्हणजे कमाल.
शेवटी मत घेतलं, दोन विरुद्ध एक. सरांना पटलं असं नाही, पण हरले.

शनि., १० जाने.
नगरला. बबनच्या पिकअपमधून तिघं. दुकानदार झूमचे आकडे तोंडावर फेकत होता. मी कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासते, नुसते आकडे ऐकून माझं समाधान होत नाही. तीन कॅमेरे मागून घेतले आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. समोर तारेवर कावळा. त्या एकाच कावळ्याचे तिन्हींवर फोटो काढले, पडद्यावर मोठे करून बघितले. पहिल्यात नुसता काळा गोळा. दुसऱ्यात पिसं आली, पण बटणं इतकी चिमुकली की बबनच्या एका बोटाखाली दोन दबतात. तिसरा हातात घेतला आणि कळलंच. पकड जाड, डोळा लावून बघायला खिडकी, कावळ्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा आली.
"मॅडम, आधी वापरलाय का हा?" दुकानदाराने विचारलं.
म्हटलं, कॅमेरा नाही, कावळा बघितलाय.
घेतला. सर येताना त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पिशवी मात्र नगरपासून घरापर्यंत त्यांच्याच मांडीवर.

रवि., ११ जाने.
एस.टी. स्टँडसमोर चहा. बबन म्हणाला, "सामाईक हिरीवर पान्याची बारी असती ना ताई, तशी लावू. येकाला येक आठवडा." झकास. दर रविवारी संध्याकाळी इथेच द्यायचा-घ्यायचा. क्रम: सर, मी, बबन. सरांना पहिली बारी, कारण ते मतदानात हरले.
एक नियम मी घातला, बारी उसनी मागायची नाही नि द्यायची नाही. बबन म्हणाला, "पान्याची बी उसनी देत्यात की." म्हटलं, पाणी परत येतं, पाखरू येत नाही. आज मागितली की उद्या सवय लागते, मग भांडणं. सरांनी मान डोलावली. मनात बेरीज करून ठेवली, १४ एप्रिल माझ्याच बारीत येतो. जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो मी काढणार.

बुध., २१ जाने.
माझी पहिली बारी. ड्यूटीवरून सुटले की थेट बाहेर. खंड्या! तारेवरून सूर मारून वर येताना! शेपूट फोटोत कापलं गेलं, पण चोचीतला मासा दिसतोय. माझ्यासारखी सुखी बाई आज तालुक्यात नसेल.

मंगळ., ३ फेब्रु.
बबनच्या मळ्यावर गेले. कॅमेरा सरांकडे, त्यामुळे नुसते डोळे घेऊन. घरामागे ओढा, ओढ्याचा उंच कडा, त्यातल्या कपारीत शृंगी घुबड. मादी बसून आहे आणि पोटाखाली काहीतरी पांढरं हललं. पिलू असणार. सोळा वर्षं या तालुक्यात आहे, घुबडाचं पिलू आजवर पाहिलेलं नाही.
बबनची आई मागच्या ओसरीत खाटेवर. दिवाळीत पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून तिथेच. मावशी जिभेच्या तिखट. "कारखान्याची बाई का गं तू? त्या मुडद्याचं कवतिक करायला आली व्हय? रातभर माज्या डोक्याशी घुमतंय. झोप न्हाई. मला न्यायला आलंय ते." बबनला बजावलंय, होळीच्या आत कपारीत उसाचं वाळलं पाचट पेटवून ते घालवायचं. बबन बाहेर येऊन म्हणाला, "न्हाई म्हनायची सोय न्हाई ताई. सातबारा तिच्या नावावर हाय, आन ती खरंच झोपत न्हाई."
पाचट पेटवलं तर पिलू जागेवर भाजेल.

गुरु., १२ फेब्रु.
माझी बारी चालू. काल कड्यासमोर बसून मादीचा असा फोटो आला की बस. केशरी डोळे सरळ माझ्याकडे, डोक्यावर पिसांची शिंगं. बबनला पाठवला. त्याने कौतुकाने आईला दाखवला. व्हायचं ते झालं. "ह्यो तर यमाचा चपराशी!" आता त्या दिवसासुद्धा ओढ्याकडे पाठ करून निजतात.
बबन म्हणतो पिलाचा फोटो हवा. "लेकरू बघितलं की आय इरघळंल. सा पोरं वाढवलीत तिनं." बरोबर बोलतोय. मावशींना कड्यापर्यंत नेता येत नाही, कडा खाटेपर्यंत आणायला कॅमेराच हवा. पिलू अजून कपारीच्या आतच. येत्या आठवड्यात बाहेर येईल असं वाटतं. म्हणजे बबनच्या बारीत. देवाण-घेवाण रविवारी.
जळफळाट होतोय, लिहून ठेवते. घुबड त्याच्या शेतात असलं म्हणून काय झालं.

रवि., १५ फेब्रु.
दुपारभर लॅपटॉपवर घुबडाचे फोटो बघत बसले. निघायला उशीर, सर फोनवर फोन करतायत, लॅपटॉप मिटला, कॅमेरा पिशवीत घातला नि पळाले.
बबनला दिला. बॅटरी फुल, काच पुसलेली, पट्टा गुंडाळलेला, ओल लागू नये म्हणून लॅबमधली सिलिका जेलची पुडी आत. दोघांना म्हटलं, याला म्हणतात कॅमेरा देणं. शिका.

शनि., २१ फेब्रु.
आठवडाभर बबनची लिंबाची तोड चालू होती, कॅमेऱ्याला हात लावायला सवड नाही. आज पहाटे बसला. साडेसातला फोन. नुसता ओरडत होता. "ताई, आलं भायेर! कडंला येऊन पंख फडफडवलं! समदं टिपलं म्या! आयला दाकिवतो आता!"
आनंद झाला. खोटं कशाला, निम्माच झाला. बाकीचा निम्मा जळत होता. म्हटलं, चला, आपले जुने तरी बघू. लॅपटॉप उघडला.
बाजूच्या खाचेत कार्ड. कॅमेऱ्याचं. रविवारपासून तिथेच.

(नंतर)
मी फोन लावायच्या आत त्याचाच आला. कार्ड नसताना बटण दाबलं तरी हा कॅमेरा दाबू देतो, फोटो क्षणभर दाखवतो नि विसरून जातो. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला ती सोय चालू ठेवलेली असते, ती मी बंद करायला हवी होती. "कोपऱ्यात काय तरी लुकलुकत हुतं ताई, मला वाटलं बॅटरी." बबन पळत खाटेशी गेला, बटण दाबलं, पडदा काळा. मावशी म्हणाल्या म्हणे, "थोरलं फोटूत येतं आन लेकरू येत न्हाई? लेकरू न्हाईच तिथं. चकवा लागला तुला." आणि आता तर पाचट उद्याच पेटव म्हणून हट्ट.
त्याला म्हटलं, कार्ड माझ्याकडे आहे, चूक माझी. तो म्हणाला, "असू द्या ताई." त्या "असू द्या"ने जास्त लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रवि., २२ फेब्रु.
सकाळीच मळ्यावर. पाचटाची मोळी ओसरीला टेकवून ठेवलेली. मावशींच्या खाटेशी बसले नि कार्ड हातात देऊन सांगितलं, मावशी, फोटो यात साठतात, हे कार्ड मी घरी विसरले. चकवा बबनला नाही, मला लागला. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "येवढ्याशात मावतंय व्हय समदं?" मग माझ्याकडे. "शिकलेली ना गं तू?"
हो म्हटलं.
"मग आदी माजा काढ. मी येते का बगू त्यात."
कार्ड घातलं. बबनने उशी देऊन बसवलं, त्यांनी पदर नीट केला, दात नसलेलं तोंड घट्ट मिटलं. काढला, दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मोठा करून दाखवला तर कपाळावरचं गोंदण ओळखलं. "आले की गं मी. लई थकले." मग बबनला, "ऱ्हाऊ दे ते पाचट होळीपातूर. तवर त्याचं लेकरू फोटूत आनून दाव. मी आले तसं त्यालाबी येऊ दे."
बबन दिवसभर कड्यासमोर बसला. पिलू आलं नाही. आणि त्याची बारी आज संध्याकाळी संपली.
चहावाल्याकडे सर हात पुढे करून उभे. सरळ सांगितलं, सर, तुमचा आठवडा बबनला द्या.
"उसनी?" म्हणाले.
हो, उसनी.
"नियम कुणाचा होता, मॅडम?"
माझा होता. आता मोडतेय.
सरांनी बशीतला चहा सावकाश संपवला. चेहऱ्यावर इतका आनंद मी नगरच्या दुकानातही पाहिला नव्हता. "मग तुमची पुढची बारी माझी." म्हटलं घ्या. म्हणजे मला कॅमेरा आता थेट पाडव्यानंतर. तोवर पिलू कुठल्या कुठे गेलेलं असेल. ठीक. पिलाचा फोटो माझ्या हातचा नाही, तर नाही.
जाताना सर बबनला म्हणाले, "तिरपं ऊन असताना काढ. आईला सावली दिसू दे."

बुध., २५ फेब्रु.
बबन रोज बसतोय. पिलू नाही. मादी मात्र सांजेला उंदीर घेऊन येते, म्हणजे पिलू आहे. फोनवर मी रोज एकच विचारते नि तो रोज हसतो. "हाय ताई, घातलंय."

शनि., २८ फेब्रु.
उद्या देवाण-घेवाण, आणि होळी तोंडावर. ड्यूटीवरून थेट मळ्यावर गेले. बबन ऊन कलायच्या आधीच कड्याकडे गेलेला. मला तिकडे जायचं होतं, पण मावशींनी मनगट धरलं. "बस हितं." बसले. पाचटाची मोळी अजून ओसरीला. त्यांची खाट मात्र फिरवलेली, डोकं आता ओढ्याकडे नाही, पाय ओढ्याकडे. तोंड तिकडे. कुणी फिरवली विचारलं तर म्हणाल्या, "मीच सांगितलं. पाठमोरं कसं दिसंल?"
दिवस मावळायला लागला. कड्यावरून घूऽऽ आला. मावशींची बोटं मनगटावर आवळली.
"कुनाला हाका मारतंय?"
"लेकराला, मावशी."
जरा वेळ काही नाही. मग दुसरा आवाज. बारीक, फिसकारल्यासारखा, खाऊ मागणारा. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मावशींनी मान उचलली. उचलून धरलेली मान दुखत असणार, पण खाली ठेवेनात.
"हाय की गं," म्हणाल्या.
हो.
ओढ्याच्या बाजूने बबन येताना दिसला, कॅमेरा छातीशी धरून. चालण्यावरून काही कळेना, आनंदात आहे की नाही. ऊन तर संपलेलं. मी उठायला लागले. मावशींनी मनगट सोडलं नाही, बबनला हाक मारली नाही, आधी माझ्याकडे वळल्या आणि हळूच, त्याला ऐकू जाऊ नये असं विचारलं,
"आज घातलंय ना गं ते, आत?"