मी आणि कॉरिन मजेत आहोत

९ जानेवारी
लॉर्ना पेटिबोनची मेल. आमच्या एमबीएच्या बॅचची सेक्रेटरी. कॉलेजच्या मासिकात बॅचच्या खबरा तीच लिहिते: कोणाला बढती, कोणाला बाळ, कोण मॅरेथॉन धावलं. म्हणते, बाबांनो, काहीतरी पाठवा, नाहीतर वसंत अंकात पुन्हा माझ्या कुत्र्याबद्दल वाचावं लागेल.
मागच्या अंकात डन्स्टन व्हूरहीसने शिकागोतली मोठी खुर्ची आणि नवी शिडाची होडी, दोन्ही छापून आणलं होतं. काही लोकांना मिरवल्याशिवाय जेवण जात नाही.
संकल्प: वसंत अंकात आपणही यायचं. माझी बायको कॉरिन ते मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हे महत्त्वाचं.

१४ जानेवारी, सकाळ
परिस्थितीचा आढावा. ऑक्टोबरात कंपनीने मला मोकळं केलं. (व्हाइस प्रेसिडेंट, नाश्त्याच्या सीरियलचा विभाग. त्यांचंच नुकसान.) नोव्हेंबरपासून कॉरिन डुलुथला बहिणीकडे. बहिणीचा गुडघा. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. जाताना हिवाळी कपड्यांबरोबर उन्हाळीही घेऊन गेली. याला म्हणतात नियोजन. बॅचमध्ये ऑपरेशन्सच्या विषयात ती उगाच पहिली आली नव्हती.
तिला माझी काळजी वाटते, बाकी काही नाही. नवरा पुन्हा उभा राहिलाय हे छापील दिसलं की येईल.

२० जानेवारी
'स्टेनस्रुड अ‍ॅडव्हायजरी' स्थापन. ऑफिस स्वयंपाकघरात. पहिला क्लायंट शेजारचा वॉल्ट, त्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळाची गांडुळं दरमहा वर्गणीवर विकावीत असा सल्ला दिला. तो म्हणाला, हॅल्वर, थंडी फार आहे, आत ये, कॉफी घे. जेवलास का?
क्लायंट दुसऱ्या मीटिंगला अनुकूल.

२९ जानेवारी
खबर पाठवली. नवरा-बायको एकाच बॅचचे असले की दोघांची खबर एकत्र जाते आणि कोणाही एकाने पाठवली तरी चालते, तशी रीतच आहे. त्यामुळे कॉरिनला त्रास दिला नाही. मजकूर असा: 'हॅल्वर स्टेनस्रुडने मिनिआपोलिसमध्ये स्वतःची सल्लागार कंपनी काढली आहे. तो आणि कॉरिन मजेत आहेत. इकडून जाणाऱ्या बॅचमेट्सना त्यांच्या घराचं दार सदैव उघडं.'
लॉर्नाने लगेच फोन केला. म्हणाली, किती बरं वाटलं रे वाचून, निदान तुमचं दोघांचं तरी छान चाललंय.
फोन ठेवल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. या घरात हवा फार कोरडी आहे.

१२ फेब्रुवारी
कॉरिनला फोन केला. खबरीचं बोललो नाही, सरप्राइज आहे. तळघरातला हीटर कसा चालू करायचा ते विचारलं. तिने सांगितलं. मग विचारलं, आणखी काही? मी म्हणालो, नाही, बाकी झकास. ती म्हणाली, बरं.
एकूण फोन चांगला झाला. हीटर मात्र चालू होत नाही.

८ मार्च
तिच्या बहिणीचा फोटो पाहिला. स्कीइंग करते आहे. म्हणजे गुडघा बरा झाला. कॉरिन आता कधीही येईल. चादरी बदलल्या.

१० मार्च
आली नाही. रस्त्यांवर बर्फ आहे.

१६ एप्रिल
अंक आला. आमची खबर शब्दन् शब्द छापली आहे. स्वयंपाकघराच्या टेबलावर तेच पान उघडून ठेवलं आणि फोनजवळ बसून राहिलो. आंघोळीलाही गेलो नाही.

२१ एप्रिल, संध्याकाळ
बेल वाजली. धावत गेलो. दारात डन्स्टन व्हूरहीस, हातात सुटकेस.
म्हणाला, दार सदैव उघडं असं वाचलं म्हणून आलो. मग सोफ्यावर बसून म्हणाला, मित्रा, शिकागोचं काही राहिलं नाही. होडी तर भाड्याची होती, फोटोपुरती. तुझ्या कंपनीत बघ ना माझ्यासाठी काहीतरी.
झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणालो, जागा निघते का बघतो, पण मुलाखत द्यावी लागेल.
कॉरिन कुठे आहे, त्याने विचारलं. बहिणीकडे, मी म्हणालो. तो म्हणाला, माझी बायकोपण बहिणीकडेच आहे.
त्याच्या बायकोला बहीण नाही. मी सोफ्यावर चादर घातली.

२२ एप्रिल
मुलाखत. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस असं विचारलं. त्याला हुंदका आला. नेमणूक केली, सीनियर पार्टनर.

२७ एप्रिल
रोज सकाळी मीटिंग. सीरियल खात धोरण ठरवतो. आज दूध संपलं, तेव्हा कोरडंच खाल्लं. कंपनीचं मनुष्यबळ दुप्पट झालं आहे, हे कॉरिनला कळायला हवं.

४ मे
कॉरिनचा फोन आला. मासिक तिला डुलुथलाच मिळालं. पत्ता तिने डिसेंबरातच बदलून घेतला होता.
मी म्हणालो, वाचलंस ना? आता माणूसही नेमलाय.
ती म्हणाली, वाचलं. मी मजेत आहे हे तू सगळ्या बॅचला कळवलंस. मला एकदा तरी विचारलंस का, हॅल्वर? नोकरी गेली तरी तू टाय लावून रोज बाहेर जायचास. मी विचारायची काय झालंय, तू म्हणायचास झकास. भिंतीशी बोलल्यासारखं किती दिवस बोलायचं माणसाने?
बोलायचे मुद्दे मी जानेवारीतच काढून ठेवले होते. एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, मी मजेत नाही, कॉरिन. मला फार भीती वाटते. तू ये.
ती रडत होती. म्हणाली, हे तू तेव्हा म्हणाला असतास तर मी गेलेच नसते.
मग मी विचारलं, आणि तू? तू कशी आहेस?
ती म्हणाली, आधी नव्हते. आता मजेत आहे. खरंच.
तिला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही.
डन्स्टनने आतून विचारलं, क्लायंट होता का? मी म्हणालो, कॉरिन होती. ती येणार नाही. त्याने माझ्यासाठी वाडग्यात सीरियल काढलं आणि मीटिंग उद्या घेऊ म्हणाला.