घंटी न वाजवता

३ मार्च, सोमवार
आधी तारीख घाल, सूनबाई. कालच्या पानावर विसरलीस आणि परवाचं पान कुठे ठेवलंस तेही विसरलीस. मला अक्षर येत नाही, म्हणजे या रोजनिशीची वाचणारी तूच. आणि डोक्यावर चष्मा ठेवून तो घरभर शोधणारीही तूच. असो. लिही.
आजपासून मी इ-सायकलवाली. तीन चाकं, मागे टोपली. नदीकाठच्या रस्त्याने रोज दुपारी थोरल्या बहिणीकडे जायचं. गुडघ्यांनी तिला घरात बसवलंय. मी गेले नाही तर ती भिंतीशी बोलते, आणि भिंतीलाही बोलू देत नाही.
संकल्प: चालणारे, पळणारे, सायकलवाले, सगळ्यांत सभ्य मीच.

४ मार्च, संध्याकाळी
घंटी काढून टाकायला लावली. माणसाच्या पाठीशी ट्रिंग ट्रिंग करायला तो काय म्हैस आहे? माझी रीत वेगळी. मोटरचा आवाज येतच नाही. अगदी जवळ जायचं आणि कानाशी हळूच म्हणायचं, बाळा, मी आले.
एक जाडे गृहस्थ हे ऐकून झुडपात गेले. मनाने हळवे असावेत.

६ मार्च
शाळेतल्या रिटायर्ड बाई फिरत होत्या. त्यांनाही प्रेमाने सांगितलं. छत्री एकीकडे, बाई दुसरीकडे. सूनबाई, 'दचकल्या' लिहू नकोस. 'हलल्या' लिही.
रात्री चिरंजीवांनी बूट काढायच्या आत सुरुवात केली. बाईंची कम्प्लेंट आली म्हणे. आणखी एक आली की बॅटरी त्याच्या कपाटात. मग थोरलीकडे त्याच्या गाडीतून, त्याला सवड होईल तेव्हा. त्याची सवड मला ठाऊक आहे. तोवर थोरली भिंतीचं डोकं खाऊन संपवेल.
कबूल केलं. उद्यापासून आणखी हळू आवाजात सांगेन.

९ मार्च
शिष्य मिळाला! तो डिलिव्हरीवाला, 'साइड, साइड' ओरडत इ-बाइक पळवणारा. अडवला, झापला, माझी रीत शिकवली. गुणी आहे. घंटी तिथल्या तिथे काढून खिशात टाकली. म्हणाला, उद्यापासून तुमच्यासारखंच, आजी.
थोरलीला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं मी घराबाहेर पडत नाही. जळते माझ्यावर.

१२ मार्च
फोनवरून सांगतेय, भरभर लिही. मी थोरलीच्या सोफ्यावर. उजवा पाय प्लास्टरमध्ये.
काल दुपारी तिच्या फाटकाजवळच्या वळणावर होते. गुणगुणत होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तेवढ्यात थेट कानात, आजी, मी आलो! सायकल कुंपणात, मी चिखलात.
मेल्याला विचारलं, घंटी काय शोभेला ठेवलीस? त्याने खिशातून काढून दाखवली. चेहरा एवढासा झाला होता. दवाखान्यात न्यायलाही तोच.
मी तिथूनच चिरंजीवांना फोन लावला. म्हटलं, असल्या लोकांना रस्त्यावर येऊच कसं देतात? मागून येऊन माणसाच्या कानात बोलतात! त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, ही दुसरी कम्प्लेंट धरतो. लाइन खराब होती, मी ठेवला.
बॅटरी कपाटात. महिनाभर इथेच मुक्काम. थोरली उशाशी खुर्ची ओढून बसलीय. सकाळपासून मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही, पण इतकी खूश तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.
सहा तारखेचं पान काढ, सापडलं तर. 'हलल्या' खोड. 'दचकल्या' लिही, आणि बाईंना माझ्या वतीने सॉरी म्हण. पाय बरा झाला की घंटी लावेन, माणूस दिसलं की स्पीड कमी करेन. हे चिरंजीवांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.
आणि थोरलीचा स्वयंपाक अळणी. टोमॅटोचं सूप पाठव, मिरपूड सढळ हाताने, सोबत भाजलेला पाव. त्या पोराच्याच हाती दे, त्याच्यासाठीही एक डबा भर. फक्त त्याला बजाव, वळणापासून घंटी वाजवत ये.