येऊ दे, येऊ दे

मधली वाडी, ता. वेल्हे
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय इस्माईल,

सलाम. घरची सगळी बरी असतील असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास, तेव्हा भाषेला हसशील. हस.

इकडं लावण्या सुरू झाल्यात. तुझ्या गुलनाजला अकरावीला भोरलाच प्रवेश मिळाला का?

मंगळवारी तुझ्याकडं येऊन गेलो. तू आतल्या खोलीत होतास, चपला दारात दिसल्या. जोहरावहिनींनी चहा केला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी पोलीस पाटील. सायबांना एवढं सांगा, टेम्पोत काय हाय ते ह्यांना ठाऊक न्हवतं." मी मान हलवली आणि चहा पिऊन निघालो. म्हणजे तू घरातसुद्धा माझं नाव घेतलं नाहीस. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

राजगडाला येणाऱ्या लोकांसाठी हॉटेल टाकायची हौस माझी. त्यासाठी खोलगट खाचर भरून घ्यायचं होतं. हायवेकडचा ठेकेदार फुकट भराव देतो म्हणाला आणि टेम्पो तुझा मीच सुचवला. बांधावर उभं राहून हात हलवत, 'येऊ दे, येऊ दे' म्हणत पहिली खेप मागं घेतली तीही मीच. दुसऱ्या खेपेला तू खाली उतरून म्हणालास, "आनंदा, ही माती न्हाई रं. डोळं चुरचुरत्यात. कारखान्याची घाण हाय ही." मी काय म्हणालो, आठवतं? "वरनं मुरूम टाकू, कुणाला कळतंय?" माझ्या शब्दाखातर तू पुढच्या खेपा आणल्यास.

पाऊस लागल्यावर ते काळं पाणी खालच्या खाचरात उतरलं. ते खाचर चंद्राबाईचं. तिचा भाताचा तरवा, लावणीची सगळी रोपं जळाली. गाव खवळलं. कोण टाकतंय ते पकडायचंच म्हणून रस्त्यावर राखण बसली आणि पोलीस पाटील म्हणून मी सगळ्यांच्या पुढं. आता मुद्द्याचं लिहितो. तुला एक फोन करायला मला वेळ होता. मी केला नाही. कुणीतरी सापडल्याशिवाय गाव गप्प बसणार नव्हतं आणि तो मी नको होतो.

टेम्पोसमोर मी आडवा उभा राहिलो तेव्हा तू काचेतून माझ्याकडं बघत होतास. तू खाली उतरलास आणि किल्ली मुकाट माझ्या हातात ठेवलीस. गावानं टाळ्या वाजवल्या. जबाबात मी सांगितलं, 'माझ्या परवानगीशिवाय टाकलं.' त्यावर टेम्पो जप्त झाला, गुन्हा तुझ्या एकट्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि दोर धरायला चोरच पुढं.

काल चंद्राबाई दारात आली. हातात परसातल्या काकड्या. म्हणाली, "पाटील, तुमी व्हता म्हणून घावला त्यो." त्या काकड्या मला घेववल्या नाहीत. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग आमी टाळ्या कशापायी वाजवल्या?" काकड्या उचलून परत घेऊन गेली. बरोबरच केलं तिनं.

उद्या मी वेल्ह्याला जाऊन खरा जबाब देतोय. परवानगी माझी होती, घाण आहे हे माहीत असूनही माझी होती. पाटीलकी जाईल, गुन्हा माझ्यावरही लागेल, घाण उचलावी लागेल. तुझा टेम्पो लगेच सुटेल असं नाही. साहेब म्हणतील, वाहणाराही दोषी. ते मला तुझ्या डोक्यावरून काढता येत नाही.

माफ कर असं लिहिणार होतो, पण आता मागणं बंद. एकच कर. हे पत्र जोहरावहिनींना वाचून दाखव. माझ्यासाठी तू त्यांच्यापासूनही लपवलंस, तेवढं तरी ओझं उतरव.

तुला हात करून मागं घेणारा आणि पुढं पकडून देणारा,
आनंदा