एप्रनचा न विटलेला चौकोन

मंगळवार, संध्याकाळ. काळेवाडी.

परवा आईचं वर्षश्राद्ध. व्हिडिओ मीच करायचा, घरात एडिटिंग करणारी मीच ना. दादाला तो जुन्या पिक्चरसारखा विटका हवाय. गच्चीतली क्लिप घेतली. आई पापड घालतेय आणि माझ्यावर ओरडतेय, "मोबाईल ठेव आधी, ऊन चाललं!"

नेटवरचे तयार डाग, ओरखडे लावून बघितले. खोटे वाटले. मग दारामागच्या खुंटीवरचा तिचा निळा एप्रन काढला, त्याचा फोटो घेतला आणि व्हिडिओवर थर म्हणून चढवला. कापड जिथे विटलंय तिथे चित्रही फिकं झालं. पण हा एप्रन आईच्या पहिल्या कंपनीतला, तिथलं काम सुटलं तेव्हा तिने छातीवरची नावाची पट्टी उसवली होती. पट्टीखालचा चौकोन अजून नवाकोरा निळा आहे. तो नेमका तिच्या चेहऱ्यावर आला. सगळी गच्ची विटलेली, आई तेवढी लख्ख.

मुद्दाम नाही केलं मी. पण चौकोन हलवलाही नाही. का हलवू?

दादा चाकणहून शिफ्ट करून आला, उभ्यानेच बघितलं. म्हणाला, "तोंडही फिकं कर गं. आत्ताची वाटतेय."

"आत्ताचीच आहे ना, दादा."

तो बूट न काढताच खाली बसला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. मग स्वतःच सेव्ह दाबलं.

मी एप्रनची घडी घालायला लागले, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "घडी नको घालूस. होता तसा खुंटीला लाव."