विचारायले माणूस नाही

प्रिय रिता,

तुले अन् जावईबापूले आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर बोललो की तुहा भाऊ अन् वहिनी बाजूलेच बसले राहतात, म्हणून लिहून राहिलो. कमलेशचं म्हणणं तुले माहीतच आहे. आई गेली, सानगडीच्या घरी एकट्यानं काय करता, आता कायमचे कॅनडात राहा. मी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

विमानतळापासून त्याच्या नव्या नोकरीचं गाव लय दूर. भाड्याच्या गाडीनं निघालो. इथं सारं उलटं आहे बाई. गाडी उजव्या अंगानं चालवायची, अन् आपल्याकडं जिथं डायव्हर बसते तिथं मले बसवलं. समोर स्टिअरिंगच नाही! ट्रक आला की माहा पाय आपोआप ब्रेक दाबे. कमलेशही इथं नवाच. पहिल्याच चौकात उलट्या बाजूनं घुसला. समोरून गाडी! तुही वहिनी हर्षा किंचाळली, तिच्या मांडीवर टेकलेल्या रेणूनं भोकाड पसरलं. कमलेशनं गाडी कशीतरी कडेले घेतली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तं म्हणे, बाबा, आता काही बोलू नका. मी बोललोच कुठं होतो! त्यानंतर गाडीत फक्त मोबाईलमधली रस्ता सांगणारी बाई बोलत होती.

पुढं रेंज गेली अन् तीही गप्प झाली. मी म्हटलं, थांब, कोणाले तरी विचारू. आपल्याकडं पानठेल्यावर विचारलं तं चार जण रस्ता सांगतात, अन् पाचवा सासऱ्याचा साळा निघते. इथं विचारायले माणूसच नाही. पेट्रोल पंपावरही कोणी नाही, आपलं आपणच भरायचं. नुसती जमीन अन् आभाळ.

मंग एका शेतात गहू कापायचं मशीन दिसलं. मले एवढा आनंद झाला की गाडी थांबल्याबरोबर तार ओलांडून आत शिरलो. ओंबी हातात घेतली, राम राम केला, अन् मराठीतच विचारलं, एकरी किती उतरते बापा? मशीनवरच्या माणसानं मशीन बंद केलं, पण खाली उतरला नाही. वरूनच रस्त्याकडं बोट दाखवून ओरडला. कमलेश माफी मागत धावत आला. मले दंडाले धरून गाडीत आणलं, रेणूले बसवते तसं बसवलं, बेल्टही त्यानंच लावला. म्हणे, इथं दुसऱ्याच्या शेतात पाय टाकला तं पोलीस बोलावतात. पोट्टं चुकीचं बोलत नव्हतं. पण मले रडू आलं, रिता. खिडकीकडं तोंड करून बसलो.

पुढं रेंज आली अन् पोचलो. आता घर लावून झालं आहे. चांगलं आहे, नळाले गरम पाणी येते. दोघं कामावर जातात, रेणू शाळेत. मी खिडकीत. शेजाऱ्याची गाडी येते, दार आपोआप उघडते, गाडी आत जाते, दार लागते. माणूस अजून पाहिला नाही.

कमलेशले नाही म्हणवत नाही. लय जीव लावते. आईच्या वेळेस तो दूर होता, ते त्याले खाऊन राहिलं आहे. मी परत जातो म्हटलं, तं आपलंच काही चुकलं असं त्याले वाटन.

म्हणून तुह्याजवळ मागणं आहे. वरठीले तुह्या घरी मी कधी पाणीही घेतलं नाही. लेकीच्या घरचं खाऊ नये म्हणून तू केलेला चहा तसाच ठेवून टेशनवरच्या टपरीवर जाऊन पीत होतो, अन् तू दारात उभी राहून पाहत होती. आता तू कमलेशले फोन कर. म्हण, मले बाबा इथं पाहिजे. कायले पाहिजे ते तूच ठरव. खोटं सांग, पण असं सांग की त्याले नाही म्हणता येणार नाही. मी आलो की तुह्या घरी जेवीन. अन् खोटं सांगायची गरज नसन, खरंच पाहिजे असन, तं ते कमलेशले नको, मले सांग.

तुहाच,
बाबा