चहापान व्यवस्था : सौ. देवकी

सापगाव,
शुक्रवार, जेवणं उरकल्यावर

चि. रविंद्र यास देवकीताईचा आशीर्वाद. (हा आशीर्वाद पत्र सुरू करण्यापुरता आहे. शेवटी किती शिल्लक राहतो ते वाचून तूच ठरव.) तुझी तब्येत बरीच असणार, तुझी कधी बिघडत नाही. गोदूच्या गुडघ्याला कसं आहे? तिला म्हणावं, निरगुडीच्या पाल्याने शेक घे आणि नाचणी झोडायला नवऱ्याला पाठव. तुझ्या भाविकाचा साखरपुडा ठरला असं कळलं. तेही तुझ्याकडून नाही, बाजारात तुमच्या गावची लहानी भेटली तिच्याकडून. इकडे तुझे दाजी ठणठणीत आहेत. माझं म्हणशील तर चार दिवस डोकं असं तापलंय की वर भाकरी टाकली तर फुगेल.

कारण ती 'लोंबी'. काळू-भातसा साहित्य मंडळाने शहापूर-मुरबाडच्या लेखकांची म्हणून स्मरणिका काढली ना, तीच. साईनाथ (मंडळाचा सचिव, संपादक आणि जिथे फोटो काढतात तिथे हजर असणारा मनुष्य) स्वतः घरी देऊन गेला. मी हौसेने चष्मा लावून बसले. पान उलटलं तर मजकूर माझा. पुढचं उलटलं तर तोही माझा. तुला ठाऊकच आहे, अंगणवाडीत तीस वर्षं काढली, पण या गावाने मला पोरं सांभाळायला कमी आणि लिहायला जास्त राबवलं. कुणाला हळदीचं गाणं पाहिजे, कुणाला दारूबंदीचं नाटक, कुणाला भाताच्या करप्यावर मेळाव्यात वाचायला माहिती, कुणाला तहसीलदाराला अर्ज. मितालीला कॉलेजच्या अंकासाठी रहस्यकथा हवी होती, तीही दिली. (खुनी कोण ते मला शेवटपर्यंत ठरेना, म्हणून तिघांनी मिळून केला असं दाखवलं.) सकुबाईचा नवरा वारला तेव्हा त्याच्यावर श्रद्धांजली लिहिली. तो जिवंतपणी कसला होता ते मला माहीत, तरी अशी लिहिली की जे त्याला शिव्या घालायचे तेही डोळे पुसत घरी गेले. तर 'लोंबी'तल्या तेवीस मजकुरांपैकी अकरा माझे, आणि अकराच्या अकरा मजकुरांखाली दुसऱ्यांची नावं! अरे, लाज कशी वाटत नाही मेल्यांना?

सरपंच संदेशचं 'चिंतन' बघ. ते मूळचं पंधरा ऑगस्टचं भाषण. मी घाईत लिहिलं आणि सवयीने माझ्याच तोंडचं लिहिलं, की 'मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा विहिरीला कठडासुद्धा नव्हता.' त्या बाबाने माईकवर तसंच्या तसं वाचलं होतं, आता तसंच छापलंय. मिशीवाल्या फोटोसकट. खाली साईनाथची टीप, 'लेखकाने स्त्रीमनाचा अचूक ठाव घेतला आहे.' ठाव घेतलाय म्हणे! त्याला गावच्या विहिरीचा ठाव माहीत नाही.

त्याहून कहर समोरच्या चिमीचा. 'माझे पन्नास उखाणे.' तिचे म्हणे! हिला स्वतःच्या लग्नात उंबऱ्यावर अडवली तेव्हा नाव घेता येईना, मी मागून कानात सांगितलं होतं. त्या पन्नासांत माझ्या स्वतःच्या लग्नातला उखाणा तिने माझ्या वहीतून जसाच्या तसा उतरवलाय:

सुपात तांदूळ, तांदळात खडे,
बारकूरावांचं नाव घेते, बाजूला सरा गडे.

बारकूराव! माझा नवरा! तिच्या नावावर छापलाय! हजार प्रती निघाल्यात रविंद्र, दोन तालुक्यांत वाटल्यात. चिमीचा नवरा आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवतो, आणि तुझे दाजी गेले चार दिवस रोज दाढी करतायत. (आधी आठवड्याला एक व्हायची.)

पण मनात म्हटलं, चला, पुरावा तरी सापडला. रिक्षा करून तडक शहापूर गाठलं. मंडळाची खोली झेरॉक्सच्या दुकानावर आहे, जिना चढले आणि साईनाथच्या टेबलावर पान उघडून ठेवलं. म्हटलं, बारकूराव कुणाचा नवरा आहे ते तुझ्या आईला फोन लावून विचार. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "काकी, मग हा तुमचा, चिमीवयनींचा आणि काकांचा घरगुती प्रश्न झाला. मंडळ त्यात कशाला पडेल?" वर मला समजावतो की वाचकाला नावाशी काय करायचंय, भाव महत्त्वाचा. याचं स्वतःचं नाव त्या अंकात सात ठिकाणी आहे. मी मोजलंय.

माझं नाव कुठेच नाही असं मात्र म्हणू नकोस हां. आहे. शेवटच्या पानावर, मांडववाल्याच्या खाली बारीक अक्षरात, 'चहापान व्यवस्था : सौ. देवकी'. आणि तो चहा मी केलेलाच नव्हता! मंडळाच्या सभेला चहा समोरच्या टपरीवरून आला होता, फक्त कप गोळा करायला मी उठले, कारण दुसरं कुणी उठेना.

शेवटी साईनाथने एक पळवाट काढून दिली. त्या लेखकांपैकी एकाने जरी कबूल केलं तरी मंडळ शुद्धिपत्रक काढेल. मग दोन दिवस दारोदार हिंडले. संदेश म्हणाला, निवडणूक होऊन जाऊ द्या. चिमीने दार लावून घेतलं. मिताली रडायलाच लागली, मग तिला मीच चहा करून पाजला. सकुबाईचा लेक तेवढा सरळ बोलला. "काकी, लिवलंत तुमी, पन बाप तं माझा मेला ना?" घरी येऊन भांडी एवढ्या जोरात घासली की कढईचा कान हातात आला. राग तर आहेच रे, पण वाईट फार वाटलं. आयुष्यभर जे लिहिलं ते सगळं एकदाच एका ठिकाणी छापून आलं, आणि त्यात मीच नाही.

असो. गोदूला सांभाळ. भाविकाच्या गालावर माझ्याकडून हात फिरव. तुझ्याबद्दल जे लिहायचंय ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, ते एकट्याने वाच.

तुझी सख्खी बहीण,
देवकी

ता. क. वर मी अकरा लिहिलंय, ते पत्र चारचौघांत वाचलं जाईल म्हणून. मजकूर बारा आहेत. बारावा पान चौदावर, 'माळशेजच्या वळणावर', लेखक रविंद्र, मुक्काम वैशाखरे. श्रावणात फोन कुणी केला होता? "ताई, एक पान लिवून दे गो, भाविकाच्या सासरचे बघतील." दिलं. त्याला मंडळाचं पहिलं बक्षीस लागलंय, आणि परवा रविवारी मुरबाडच्या समारंभात तू शाल घेणार आहेस. साखरपुड्याच्या आधी तुझी मान खाली जावी असं मला वाटत नाही. पण बाकी कुणी कबूल होईना, आणि तू माझा भाऊ आहेस. माईकवर उभा राहा आणि माझं नाव घे. उखाण्यात घेतलंस तरी चालेल.

आणखी एक. हे वाचून तू लगेच फोन करशील, "ताई, मी काय बोलू?" म्हणून. फोन करू नकोस. कबुलीचं भाषण मीच लिहून सोबत जोडलंय, पाकीट उद्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय. चार मिनिटांचं आहे, पाठ कर. या वेळी 'मी आलो' असंच लिहिलंय, नीट तपासलंय.

अगदी शेवटचं. भाषणात तुझा पस्तावा फारच चांगला उतरलाय, लिहिताना माझेच डोळे भरून आले. म्हणून वाचताना दोन-तीन ठिकाणी अडखळ, नाहीतर हेही मीच लिहिलंय असं कळेल लोकांना.