ब्लूबेरीचा पहिला बहर

अण्णा, वरसाव्याच्या ज्या नर्सरीत तुम्ही जन्मभर माळीकाम केलंत ती आता नाही, तिथे गाड्या धुतात. घोडबंदरच्या रस्त्यावर थोडं पुढे दुसरी नर्सरी झालीय. तिथून मी दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, ब्लूबेरीची दोन बुटकी झाडं आणली. हे फळ तुम्ही पाहिलं नसणार. करवंदापेक्षा लहान, निळं, वरून राख लागल्यासारखं. तुमच्या सुनेला, जिला तुम्ही कधी पाहिलं नाहीत, केमोमुळे अन्न नकोसं झालं होतं. डब्यातल्या ब्लूबेरी मात्र ती चार-पाच खायची. एकदा म्हणाली, "अहो, माळ्याचा मुलगा ना तुम्ही? लावा की घरी." ती गंमत करत होती. मी खरंच आणली.

नर्सरीवाला म्हणाला, "अंकल, इसको खट्टी मिट्टी चाहिए, और बोअर का पानी बिलकुल नहीं." भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगीत तर बोअरचंच खारं पाणी. पहिल्याच महिन्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग मी माती काढून कुंड्यांत नारळाचा भुसा भरला, चिमूटभर गंधक घातलं. ऑफिसातला उत्तनचा एक मित्र सुरूच्या वाळक्या काड्या पोतंभर घेऊन आला, त्या वर पसरल्या. पावसाचं पाणी दोन ड्रम भरून ठेवलं. गॅलरीत स्टुलावर बसून ती रोज सकाळी मगाने पाणी घालायची. तेवढं एक काम तिने शेवटपर्यंत कुणाला करू दिलं नाही. दिवाळीनंतर नवी पानं आली आणि जानेवारीत फुलं. पांढरी, इवल्या घागरी उलट्या टांगल्यासारखी.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी नऊ-दहा वर्षांचा आहे. नर्सरीत तुम्ही मला चिकूच्या कलमांची फुलं खुडायला बसवलंय आणि मी चार कलमांवरची तशीच ठेवलीत, कारण मला चिकू हवेत. तुम्ही माझा कान धरता. "त्याला धड उभं राहता येत नाही, नि त्याच्याकडून फळं मागतोस? पहिला बहर खुडायचा. म्हणजे झाड जगतं." संध्याकाळी घरी जाताना तुम्ही मला रस्त्यावर भजी घेऊन दिलीत. ही गोष्ट मी बायकोला लग्नानंतर इतक्यांदा सांगितली होती की तुमचं वाक्य तिला पाठ होतं.

त्या रविवारी मी कुंड्यांपाशी बसलो तेव्हा तिला कळलं मी काय करणार ते.

"या वेळी राहू द्या ना," ती म्हणाली.

"पहिल्या वर्षी नाही ठेवत. पुढच्या वर्षी बघ, वाटी भरून येतील."

"एक घोस तरी."

मी मान हलवली आणि खुडत राहिलो. ती स्टुलावर बसून बघत होती. सगळी खुडून झाल्यावर तिने ओंजळ पुढे केली. मी फुलं तिच्या हातात दिली. होळीच्या आधी ती गेली.

झाडं जगली, अण्णा. यंदा मार्चात खरंच वाटीभर फळं आली. मी दोन खाल्ली, आंबट लागली. बाकीची बुलबुलांनी नेली, मी हाकललं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, लिहून कपाटात ठेवणार. नातेवाइकांना मी सांगतो, वडिलांची शिस्त होती, हात आपोआप गेला. ते खरं नाही. त्या रविवारच्या आधी आठ दिवस डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, दोन महिने, फार तर तीन. तिला मी ते बोललो नव्हतो. फुलं ठेवली असती तर पुढचं वर्ष नाही हे तिला कळलं असतं, आणि तिच्यासमोर बसायची माझी हिंमत नव्हती.